शाळेचा ताळेबंद कसा वाचावा?

जून महिना जवळ आला की आपल्या समाजातील अनेक व्यापारी घरांसमोर एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या दारांनी येऊन उभा राहतो. पहिल्या दाराने परिसरातील जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक येतात. शाळेला रंग द्यायचा असतो, प्रवेशद्वार बांधायचे असते, पाण्याची टाकी बदलायची असते आणि देणगीदारांच्या यादीत आपले नाव असते. दुसऱ्या दाराने आपल्याच दुकानातला किंवा गोदामातला माणूस येतो. त्याला उचल हवी असते. “शेठ, पोरीला झेडपीच्या शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतो. फी आणि गाडीचे पैसे एकदम भरायचे आहेत. वर्षभर पगारातून कापून घ्या,” असे तो सांगतो.

आपण मुख्याध्यापकांना धनादेश देतो आणि त्या माणसाच्या नावे उचलही लिहितो. दोन्ही ठिकाणी निर्णय खरे तर एकाच गोष्टीवर अवलंबून असतो, तो म्हणजे ती सरकारी शाळा चांगली आहे की नाही यावर. ती चांगली असेल, तर त्या माणसाने वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा दुसरीकडे ओतण्याचे कारण नाही. ती चांगली नसेल, तर प्रवेशद्वाराने ती सुधारणार नाही. परंतु शाळेची प्रत ओळखावी कशी, याचा विचार आपण सहसा करत नाही. हरभऱ्याचे पोते उघडताच मूठभर दाणे तळहातावर घेऊन मालाची प्रत सांगणारा व्यापारी शाळेची प्रत मात्र भिंतीच्या रंगावरून ठरवतो.

बँकेच्या नोकरीत माझे बरेचसे आयुष्य कर्जप्रस्तावांची छाननी करण्यात गेले. दुकानाची सजावट पाहून कर्ज मंजूर करायचे नसते, हा त्या कामातील पहिला धडा. मालाची मोजदाद, उधारीची वसुली आणि खात्यातील उलाढाल पाहावी लागते. शाळेच्या बाबतीतही असेच आहे. प्राथमिक शाळेचे मूल्यमापन सामान्य माणसाला अशक्य नाही, फक्त पाहण्याची जागा बदलावी लागते. वर्गातील मागे पडलेली मुले एका वर्षात किती पुढे सरकली, हा शाळेच्या गुणवत्तेचा खरा निकष आहे.

दर्शनी भागाचे मोल

आपण शाळा चांगली म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर काय असते? रंगवलेली इमारत, एकसारखा गणवेश, टाय-बूट, इंग्रजी फलक, संगणक कक्ष आणि प्रवेशद्वाराशी लावलेली शिष्यवृत्तीधारकांची छायाचित्रे. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. पण यांपैकी एकही गोष्ट तिसरीतल्या मुलाला वाचता येते की नाही हे सांगत नाही.

शिष्यवृत्तीच्या निकालाचेच उदाहरण घेऊ. ‘आमचे पाच विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक’ असा फलक दिसला, तर व्यापाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप यायला हवा. किती मुलांपैकी पाच? वर्गात चाळीस मुले आहेत, त्यांतील दहा निवडक मुलांना परीक्षेला बसवले आणि त्यांच्यासाठी वर्षभर जादा तास घेतले, तर उरलेल्या तीस मुलांचे काय झाले, हे फलकावर लिहिलेले नसते. पाच चांगल्या ग्राहकांची खाती दाखवून शाखेची वसुली उत्तम आहे, असे कोणी सांगू लागला तर आपण विश्वास ठेवणार नाही. आपण थकबाकीदारांची यादी मागू. शाळेची थकबाकी म्हणजे मागे राहिलेली मुले होत.

इमारतीचेही तसेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा ती शाळा गुरांचा गोठा आणि साठवणीची खोली यांच्यामध्ये असलेल्या पडक्या जागेत भरत होती. तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पाठ्यपुस्तके त्यांना कळत नव्हती. डिसले गुरुजींनी मुलांची भाषा शिकून घेतली, पुस्तकातील मजकूर त्यांना समजेल असा केला आणि त्याला क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी व चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचवल्या. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. माझ्या मते त्याआधीचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. मूल का शिकत नाही, याचे कारण शिक्षकाने शोधले आणि ते दूर केले. कोणत्याही शाळेत पहिल्यांदा हेच शोधायला हवे.

कायद्याने ठरवलेला किमान

शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी कायद्याचा किमान माहीत असलेला बरा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेचे निकष दिलेले आहेत. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, क्रीडांगण, कुंपण आणि ग्रंथालय. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० तास अध्यापन. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास.

केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस या नोंदणीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. त्यावरून शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या व सुविधांची माहिती कोणालाही पाहता येते. देणगी देण्यापूर्वी ही पाच मिनिटांची पाहणी अवश्य करावी. स्वच्छतागृह नसेल किंवा पाणी नसेल, तर बाकी सर्व चर्चा नंतरची.

मात्र हे निकष म्हणजे दुकानाचा परवाना आहे. परवाना असला म्हणजे व्यवसाय नफ्यात आहे असे कोणी म्हणत नाही. त्यातही तासांच्या आकड्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. २०० दिवस आणि ८०० तास म्हणजे रोजचे चार तास. शिक्षक कागदपत्रे भरण्यात, बैठकीत किंवा ऑनलाइन माहिती पाठवण्यात रोज एक तास गुंतले, तर वर्षाअखेर २०० तास, म्हणजेच एक चतुर्थांश शाळा मुलांच्या हातून गेलेली असते. हे नुकसान कोणत्याही फलकावर दिसत नाही. म्हणून शाळेत गेल्यावर एक साधा प्रश्न विचारावा. गेल्या आठवड्यात गुरुजी किंवा बाई वर्गाबाहेर किती वेळ होत्या आणि कशासाठी? उत्तरात दोष बहुधा शिक्षकाचा निघणार नाही, पण माहिती उपयोगी पडेल.

मालाची मोजदाद

आता मुख्य कसोटीकडे येऊ. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ या नावाने ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करते. तिची पद्धत इतकी साधी आहे की आपल्या घरातील कॉलेजात शिकणारी मुलगीही ती वापरू शकेल. मुलाला एकट्याला जवळ बसवून एक कागद दाखवतात. त्यावर अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल कोठपर्यंत वाचते, ते टिपून घेतात. गणितात अंक ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच विचारतात.

२०२४ च्या पाहणीत देशभरातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली, पण शंभरातील सुमारे सत्त्याहत्तर मुले अजून तेथे पोहोचलेली नाहीत. पाचवीतील सरकारी शाळांच्या मुलांतही हे प्रमाण निम्म्यापेक्षा कमीच, ४४.८ टक्के, होते. खासगी शाळांना खुश होण्याचे कारण नाही. तेथील तिसरीच्या वर्गातही दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्यापेक्षा बरीच कमी आहेत. फी भरली की वाचन येते, हा समज आकड्यांवर टिकत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे ध्येयही हेच आहे. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत हिशेब करता यावा. या अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, अशी अपेक्षा आहे. हातात घड्याळ आणि मुलाने पूर्वी न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक असले की पाहणी होऊ शकते.

एक काळजी मात्र घ्यावी. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, त्यांच्या किंवा वर्गशिक्षकांच्या उपस्थितीत हे करावे. मुलाची परीक्षा घेत आहोत असे त्याला वाटू नये. ‘मला ही गोष्ट वाचून दाखवशील का?’ एवढेच विचारावे, अडखळल्यास टोकू नये, इतर मुलांसमोर त्याचे हसे होऊ देऊ नये, छायाचित्रे काढू नयेत. आणि मुले कोणती निवडायची? पुढे केलेली मुले घेऊ नयेत. हजेरीपटावरील दर तिसरे नाव घ्यावे. गोदामातील मालाची तपासणी करणारा अधिकारी दारातले पोते उघडत नाही, आतल्या थप्पीतले मधले पोते काढायला सांगतो. येथेही तोच न्याय लावावा.

सुरुवातीची शिल्लक

मोजदादीच्या आकड्यावरून लगेच निकाल देणे मात्र अन्यायाचे ठरेल. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वर्षाअखेरची शिल्लक कळली तरी वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक माहीत असल्याशिवाय नफा काढता येत नाही.

दोन काल्पनिक वर्ग समजा. पहिल्या शाळेत प्रवेशापूर्वीच मुलाखत घेऊन निवडलेली, घरी शिकवणारे आईवडील असलेली ३० मुले आहेत. जूनमध्ये त्यांतील २० मुले सफाईने वाचत होती, मार्चमध्ये २४ वाचतात. दुसऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत २० मुले आहेत. जूनमध्ये चौघांना वाचता येत होते, मार्चमध्ये तेरा जणांना येते. मार्चमध्ये पाहणाऱ्याला पहिली शाळा उजवी वाटेल, कारण तेथे ८० टक्के मुले वाचतात आणि दुसरीकडे ६५ टक्के. परंतु पहिल्या शाळेत न वाचणाऱ्या दहांपैकी चारच मुले पुढे गेली, तर दुसरीत सोळांपैकी नऊ. दुसऱ्या शाळेतील शिक्षकांनी भांडवल कमी असताना अधिक कमाई केली आहे. खरे तर प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास शिक्षणहक्क कायद्याने बंदी केलेली आहे. तरी घरची परिस्थितीच चाळणीचे काम करते, हे आपण सर्व जाणतो.

आपल्या राज्यात याला आणखी एक बाजू आहे. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले शाळेच्या अर्ध्या वर्षाला मुकतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. गावातील शाळा ही मुले मागे थांबावीत म्हणून आजी-आजोबांशी बोलते का, वसतिगृह चालवते का, परतलेल्या मुलांना वेगळा वेळ देते का, यावर तिची खरी प्रत ठरते. अशा शाळेचा सरासरी आकडा कमी असूनही ती पहिल्या प्रतीची असू शकते.

वही आणि हजेरीपट

बँकेत खातेवह्या वाचून माणसांचे बरेच काही कळत असे. शाळेत मुलांच्या वह्या तेच काम करतात. तिसरी-चौथीच्या पाच मुलांच्या वह्या मागून घ्याव्यात. पाचही वह्यांत तेच वाक्य, तीच आखणी आणि तीच चूक असेल, तर मुलांनी फळ्यावरचे उतरवून घेतले आहे, असे समजावे. प्रत्येक वहीत वेगळी वाक्ये असतील, काही वेडीवाकडी असतील, चुकाही वेगवेगळ्या असतील आणि त्या चुकांखाली शिक्षकाने दुरुस्ती केली असेल, तर त्या वर्गात मूल स्वतः विचार करून लिहिते. नीटनेटकी वही नेहमीच चांगल्या शिक्षणाची खूण नसते.

दुसरा कागद हजेरीपट. पटावर ३० नावे आहेत, आज हजर किती? शक्य असल्यास दुपारी पोषण आहाराच्या वेळी जावे. खिचडीच्या पंगतीत बसलेली मुले मोजायला फार वेळ लागत नाही. पटसंख्या, हजेरी आणि पंगत हे तिन्ही आकडे जवळपास जुळले, तर शाळेचे दप्तर प्रामाणिक आहे असे मानायला हरकत नाही. एखादे मूल सलग आठ दिवस आले नाही तर शाळा काय करते, हेही विचारावे. घरी कोणी जाऊन आले असेल, तर मुख्याध्यापक त्या मुलाचे नाव, वस्ती आणि कारण न पाहता सांगतील.

ज्या शाळेत दोनच शिक्षक असून पाच इयत्ता आहेत, तेथे आणखी एक गोष्ट पाहावी. गुरुजी पहिलीला शिकवत असताना दुसरी-तिसरीची मुले काय करत असतात? ती नुसती बसून असतील तर त्यांचा निम्मा दिवस वाया जातो. ती गटाने वाचत असतील, मोठी मुले लहानांना अंक शिकवत असतील, तर समजावे की त्या दोन शिक्षकांनी चौघांचे काम उभे केले आहे.

एका ग्रामीण शाखेत असताना मला शाळांची प्रत काउंटरवरच कळत असे. निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी आजीबाई येत आणि सोबत नातवाला आणत. दोन गावांची मुले मला अजून आठवतात. एका गावची चौथी-पाचवीतली मुले स्लिप हातात घेत, खातेक्रमांक लिहीत आणि ‘अक्षरी रुपये’ या रकान्यात रक्कम न अडखळता लिहून आजीच्या अंगठ्यासाठी जागा सोडत. दुसऱ्या गावची त्याच वयाची मुले आकडे लिहीत, पण अक्षरी रकान्याशी येऊन थांबत आणि रांगेतल्या कोणा मोठ्या माणसाकडे पाहू लागत. पहिल्या गावच्या शाळेला पत्र्याचे छप्पर होते आणि दुसऱ्या गावची शाळा नव्या दुमजली इमारतीत भरत होती. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही, हे मी जाणतो. परंतु शाळेचे फळ कोठे शोधावे, हे मला त्या स्लिपांनी शिकवले.

समितीचे इतिवृत्त

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे आहेत. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे मिळते. ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, त्यापुढे १०० मुलांपर्यंत २५,००० रुपये. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता हे सर्व त्यातच भागवायचे असते. म्हणजे आपले मुख्याध्यापक देणगीसाठी दारोदार का फिरतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

समितीची इतिवृत्तवही पाहायला मिळाली तर शेवटच्या चार बैठका वाचाव्यात. विषयपत्रिकेत बांधकाम, रंगकाम आणि राष्ट्रीय सणांचे नियोजन एवढेच असेल, तर समिती इमारतीची आहे. ‘तिसरीतील सहा मुलांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काय करावे’ अशी एखादी नोंद सापडली, तर ती समिती मुलांची आहे. अशा शाळेवर डोळे मिटून नाही, पण निश्चिंत मनाने पैसे लावावेत.

माध्यमाचा प्रश्न

उचल मागणाऱ्या माणसाकडे आता वळू. त्याच्या मनातील भीती खरी आहे. इंग्रजीवाचून पुढे अडते, हे त्याने आपल्याच घरांत पाहिलेले असते. त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला कमी आहे, कारण आपली मुले त्या शाळेत जात नाहीत. पण हिशेब मांडून दाखवणे आपल्या हातात आहे.

लहान मूल घरच्या भाषेत लवकर वाचायला शिकते आणि एका भाषेत पक्के वाचता आले की दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे, ते यामुळेच. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही, त्या घरचे मूल स्वस्त इंग्रजी शाळेत बहुधा पाठांतर करते. धड इंग्रजी येत नाही आणि मराठीही कच्ची राहते. जिल्हा परिषदेच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकवला जातो आणि अनेक ठिकाणी सेमी इंग्रजीची सोय आहे. त्याला खरोखर खासगी शाळाच हवी असेल, तर शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी वेळेत ऑनलाइन अर्ज भरून देण्यास आपल्या दुकानातील संगणक उपयोगी पडू शकतो. सोडत लागली तर शिक्षणाची फी त्याला भरावी लागत नाही.

आणि निर्णय घेण्यापूर्वी त्या मुलीला दुकानात बोलावून एक गोष्ट वाचायला द्यावी. ती छान वाचत असेल, तर तिची सध्याची शाळा काम करते आहे. मग उचलीचे पैसे तिच्या पुढच्या शिक्षणासाठी आवर्ती ठेवीत टाकणे अधिक शहाणपणाचे. ती अडखळत असेल, तर नव्या शाळेतल्या तिच्याच वर्गातील मुलांनाही तीच गोष्ट वाचायला देऊन पाहावे आणि मगच पैसे भरावेत.

देणगी देताना

ज्ञानदान हे आपल्या परंपरेत श्रेष्ठ दानांपैकी एक मानले आहे. या दानाचा आदर्श आपल्याला दूर शोधावा लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्याच संस्थानात ते वाढले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली आणि त्या मुलांच्या जेवणाची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. ते पैसे मुलांच्या ताटात गेले. नावाच्या पाटीसाठी त्यातले काही खर्च झाले नाही.

आपली देणगी तशीच मुलापर्यंत जावी. पाणी आणि स्वच्छतागृह नसेल तर प्रथम ते करावे. ते असेल, तर प्रवेशद्वाराऐवजी मुलांच्या वयाला साजेशी दोनशे-तीनशे गोष्टींची पुस्तके द्यावीत आणि ती कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या घरी जातील, असे ठरवून घ्यावे. गावातील डी.एड. झालेल्या एखाद्या तरुणीला समितीच्या संमतीने रोज दोन तास, मागे पडलेल्या मुलांकडून वाचून घेण्यासाठी, वर्षभर मानधन द्यावे. एका फाटकाच्या खर्चात हे काम दोन वर्षे चालू शकते. घरातील निवृत्त मंडळींनी आणि सुनांनी आठवड्यातून एक तास मुलांसोबत वाचन केले, तर त्याला पैसेही लागत नाहीत.

बँक कर्ज दिल्यानंतर त्याचा विनियोग तपासते, त्याप्रमाणे देणगीसोबत एक विनंती मुख्याध्यापकांना करावी. जूनमध्ये तिसरीतील किती मुले गोष्ट वाचतात आणि हातच्याची वजाबाकी करतात, याचे दोन आकडे आम्हाला द्या. मार्चमध्ये तेच दोन आकडे पुन्हा द्या. आकडे कमी आले म्हणून पुढची देणगी बंद करू नये. तसे केले तर पुढच्या वर्षी आकडे फुगवून येतील, जसे कर्जमर्यादेसाठी स्टॉक स्टेटमेंट फुगवतात. आकडे कमी असतील तर कारण विचारावे आणि त्या कारणावर खर्च करावा. पैसे शाळेच्या बँक खात्यात जमा करून रीतसर पावती घ्यावी, हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

शिक्षकांविषयी एक शब्द. सरकारी शाळेतील शिक्षक काम करत नाहीत, असे सरसकट बोलण्याची आपल्याकडे सवय आहे. वरील पाहणी एखाद्या शाळेत जाऊन केल्यावर ती सवय सुटते. काही ठिकाणी निराशा होईल, हे खरे. पण अनेक ठिकाणी दोन खोल्यांच्या शाळेत, बदलीची टांगती तलवार डोक्यावर घेऊन, एखादी शिक्षिका वाचता न येणाऱ्या सात मुलांची नावे तोंडपाठ सांगताना आढळेल. तिला आपल्या देणगीपेक्षाही कोणीतरी मुलांच्या वाचनाविषयी विचारले, याचेच अधिक समाधान वाटते.

येत्या जूनमध्ये मुख्याध्यापक पावतीपुस्तक घेऊन आले की त्यांना चहा द्यावा आणि शाळा पाहायला केव्हा येऊ, असे विचारावे. जाताना एक गोष्टीचे पुस्तक सोबत न्यावे.